गर्भिणीतील तमकश्वास : चिकित्सा आणि सावधानता

प्रास्ताविक

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णाकाठचे. परंतु श्वासरोगाची कारणे येथे तालुक्यागणिक बदलतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत पावसाळी ओल व भिंतीवरची बुरशी. माण, खटाव, जत, आटपाडीकडे कोरडी धूळ. मधल्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामातील जळते पाचट व गुऱ्हाळाचा धूर. सांगलीत हळदीची पूड, तर तासगावकडे बेदाण्यास दिली जाणारी गंधकाची धुरी. घरोघरची चूल आणि रानोमाळ वाढलेले गाजरगवत आहेच. अशा प्रदेशात दम्याची रुग्णा गर्भवती राहून आपल्याकडे येणे ही नित्याची बाब होय. म्हणूनच या विषयाचा विचार येथे करीत आहोत.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातील एक रुग्णा सहाव्या महिन्यात आमच्याकडे आली. तक्रार रात्रीच्या खोकल्याची. आम्ही नाडी पाहिली, आहार विचारला, चूर्ण व पथ्य सांगितले. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हाही तेच केले. तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री तिला तीव्र वेग आला. बोलता येईना, ओठ काळसर झाले. नातेवाइकांनी तिला मिरजेला नेले व ती वाचली. प्रसूती पुढे सुखरूप झाली, मात्र बाळाचे वजन कमी भरले. नंतर कळले ते असे की, ती दररोज श्वासाचा पंप घेत असे आणि ‘पंपाने बाळाला बाधा होते’ असे कोणीतरी सांगितल्यावरून तिने तो तिसऱ्या महिन्यातच बंद केला होता. तिने ते लपविले नव्हते. आम्ही तिला विचारलेच नव्हते. ही चूक आमची होती आणि तिच्यापासून शिकलेले येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

व्याधिविचार

चरकाचार्यांनी श्वासाचे पाच प्रकार वर्णिले आहेत : महान्, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र. दमा हा प्रामुख्याने तमकश्वास होय. व्याधी कफवातात्मक, उद्भव पित्तस्थानातून. वायू प्रतिलोम होऊन प्राणवह स्रोतसांत अडतो. मेघाच्छादित हवा, पाऊस, थंडी व कफकर आहार यांनी वेग वाढतो. बसल्याने व उष्णोपचाराने बरे वाटते.

चिकित्सेतील अडचण येथेच सुरू होते. तमकश्वास उष्ण, कफवातघ्न उपचार मागतो, तर गर्भिणीस मृदू, मधुर, शीत व सुखकर उपचार सांगितले आहेत. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे, तसे तिला जपावे, असा चरकाचार्यांचा उपदेश आहे. वमन, विरेचन, शिरोविरेचन व रक्तमोक्षण तिला वर्ज्य. आठव्या महिन्यानंतरही केवळ आत्ययिक अवस्थेत व मृदू स्वरूपातच त्यांना वाव आहे. एरव्ही तमकात विरेचन श्रेष्ठ, पण येथे ते शस्त्र म्यानातच ठेवावे लागते.

आधुनिक निरीक्षणे

गर्भावस्थेत सुमारे एकतृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, एकतृतीयांशांचा कमी होतो व उरलेल्यांचा तसाच राहतो. वेग बहुधा २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान येतात. शेवटच्या महिन्यात व प्रत्यक्ष प्रसूतीत ते तुलनेने विरळ. काबूत नसलेल्या दम्यामुळे मातेस रक्तदाबवृद्धीचा, तर गर्भास अकालप्रसव व अल्पवजनाचा धोका वाढतो. मातेचा प्राणवायू घटला की गर्भाचाही घटतो. म्हणून नियमित फवाऱ्याच्या औषधांपेक्षा अनियंत्रित दमा गर्भास अधिक घातक, हे आज सर्वमान्य आहे. श्वासमार्गे घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडांपैकी ब्युडेसोनाइडचा गर्भिणीतील अनुभव सर्वाधिक आहे. साल्ब्युटामॉलचा वापरही सुरक्षित मानला जातो.

गर्भिणीस साधी धापही लागते. परंतु घुरघुर, रात्री जाग आणणारा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही लक्षणे साध्या धापेची नव्हेत. आणखी एक सूक्ष्म बाब : गर्भावस्थेत रक्तातील कर्बवायूचा दाब स्वभावतःच कमी, साधारण २८ ते ३२ मि.मी. असतो. तीव्र वेगात तो ४० आढळला, तर ‘प्राकृत’ समजून निश्चिंत राहू नये. रुग्णा थकत चालल्याची ती खूण असते.

टाळावयाची द्रव्ये व कल्प

१) श्वासकुठार रस : पारद, वत्सनाभ व मनःशिला असल्याने वर्ज्य. इतर रसकल्पांनाही हाच नियम लावावा.
२) कनकासव : धत्तूर असल्याने वर्ज्य.
३) सोमलता : त्यातील एफेड्रिनमुळे रक्तदाब व हृद्गती वाढते.
४) वासा : आपले नित्याचे कासहर द्रव्य, परंतु त्यातील व्हॅसिसिनची गर्भाशयसंकोचक क्रिया प्राण्यांवरील प्रयोगांत दिसली आहे. ‘अडुळसाच तर आहे’ असे म्हणून देऊ नये.
५) चित्रक व टंकण असलेले कल्प : चित्रकहरीतकी यातच आली.
६) यष्टिमधु : दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते.

सितोपलादीतही पिंपळी आहे. पहिल्या तीन महिन्यांत ते टाळावे. नंतर दिल्यास मात्रा अल्प व काळ थोडा असावा. गर्भावस्थेतील मधुमेह असल्यास त्यातील साखरेचे भान ठेवावे.

आपण काय द्यावे

निदानपरिवर्जन हीच येथील मुख्य चिकित्सा होय. चुलीजवळ बसणे, धूप, उदबत्ती, डास पळविणारी कॉइल, झाडलोट, हळद-मिरची कांडणे यांपासून रुग्णेस दूर ठेवावे. पाचट पेटविताना खिडक्या मिटून घरात राहावे. आहार लघू व उष्ण असावा : मुगाचे कढण, जुना तांदूळ, थोडे तूप, सुंठ घातलेले कोमट पाणी. रात्रीचे जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यावे, कारण आम्लोद्गारानेही दमा उसळतो. दही, केळी, थंड पेये वर्ज्य. उशाशी उंची, छाती-पाठीस सैंधवयुक्त कोमट तिळतेल व वरून मृदू शेक. पोटावर शेक कदापि देऊ नये.

हे सर्व तिच्या चालू औषधांबरोबर द्यावयाचे आहे, त्यांच्याऐवजी नव्हे. पंप बंद करण्याचा वा कमी करण्याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ व श्वसनतज्ज्ञ यांचाच असावा.

आत्ययिक अवस्था

एक वाक्य पूर्ण बोलता न येणे, मिनिटास ३०च्या वर श्वास, नाडी १२०च्या वर, प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांहून कमी, ओठ निळसर, पंपाने आराम नाही वा गर्भाची हालचाल मंदावली. यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. रुग्णेस बसते ठेवावे, १०८ क्रमांकावर कळवावे, तिच्याकडील साल्ब्युटामॉल पंपाचे ४ ते १० फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यावेत व पहिल्या तासात गरजेनुसार दर २० मिनिटांनी पुन्हा द्यावेत. औषधी पूड चाटविण्यात वेळ दवडू नये. प्रसूतीसाठी पाठविताना चिठ्ठीवर ‘दमा’ हा शब्द ठळक लिहावा. रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरली जाणारी कार्बोप्रोस्ट व अर्गोमेट्रिन ही औषधे श्वासनलिका आकुंचित करू शकतात. ऑक्सिटोसिनची अशी अडचण नाही.

औषध विक्रेत्यांस विनंती

पारद, मनःशिला, वत्सनाभ, धत्तूर ही द्रव्ये शेड्यूल ई (१) मध्ये आहेत. ती असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. स्त्रीने दम्याचे औषध मागितले तर ‘दिवस गेलेत का?’ हा एक प्रश्न विचारावा. घटक न छापलेली, ‘एका पुडीत आराम’ देणारी चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळलेली आहे, आणि डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड अपरेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते.

उपसंहार

आमच्या केसपेपरवर आता नाव-वयाखालोखाल एक ओळ छापलेली आहे : ‘चालू औषधे व पंप, बंद केला असल्यास केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून.’ ही ओळ भरल्याशिवाय आम्ही गर्भिणीसाठी लेखणी उचलत नाही. वाचक वैद्यांनीही ती आपल्या केसपेपरवर घालावी, एवढीच प्रार्थना.

इत्यलम्।