वाढीव दिवस तिथी पाहून ठरवा

मुंबई पाहायला आल्यावर मुक्काम एका दिवसाने वाढवायचा आणि गेटवेवरून बोटीने अलिबाग गाठून किनाऱ्याने चालायचे, हा बेत मी कोणालाही आनंदाने सुचवेन. बोट तासाभरात मांडव्याला लागते, बऱ्याच बोटींच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस असते. पण हा दिवस ठरवताना रजा, खोलीचे आरक्षण आणि परतीची गाडी एवढेच पाहिले जाते. पाणी कधी उतरणार, हे कोणी पाहत नाही. माझे सांगणे एवढेच की, वाढीव दिवस तिथी पाहून निवडावा आणि तो सहलीच्या शेवटी न ठेवता मध्ये घ्यावा.

अलिबागच्या पुळणीवरून समोर दिसणारा कुलाबा किल्ला हे या चालण्याचे मुख्य आकर्षण. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आणि भर समुद्रात असूनही गोड्या पाण्याचा साठा. पुरेशी ओहोटी असेल तर तिथे पायी जाता येते, भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. कोकणात भरतीचा सोपा हिशेब पूर्वापार चालत आला आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पंचमी-षष्ठीला सकाळी दहाच्या आसपास पाणी उतरलेले असते. मुंबईहून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी धरून येणाऱ्याला ही वेळ साधते. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी येते, शिवाय ते भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे मागे सरत नाही आणि वाट पुरती उघडी पडेलच असे नाही.

अडचण अशी की आपल्या सुट्ट्या नेमक्या उलट्या पडतात. दिवाळीचे लक्ष्मीपूजन अमावास्येचे, होळी पौर्णिमेची. या तिथींना उधाण असते आणि बाराच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. ओहोटी येते ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे. त्यामुळे सणाच्या सुट्टीला जोडून आलेला माणूस ऐन दुपारी किनाऱ्यावर पोहोचतो आणि किल्ल्याला पाण्याचा वेढा पडलेला पाहतो. त्याहून धोक्याची वेळ पाणी परतू लागल्यानंतरची. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याइतके वाढते, मधल्या दोन तासांत मात्र निम्मे पाणी येते. उधाणात चार मीटरचा चढ धरला, तर त्या दोन तासांत पातळी दोन मीटरने वर जाते. पहिल्या तासातला संथपणा पाहून ‘अजून वेळ आहे’ असे वाटते आणि घात तिथेच होतो. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे, पाणी फिरण्याच्या सुमारास किल्ल्यातून परतीला लागावे, आणि स्थानिक कोळी किंवा टांगेवाले ‘आता नको’ म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नये.

यावर कोणी म्हणेल, आता भरतीच्या वेळा मोबाइलवर मिनिटामिनिटाला कळतात, तिथीचा हिशेब कशाला? त्या दिवशीची नेमकी वेळ मोबाइलवर जरूर पाहावी. पाऊणपट हा ढोबळ आडाखा आहे, त्यावर जीव टाकू नये. पण रजेचा अर्ज आणि आरक्षण महिना-दोन महिने आधी होते, आणि तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी एका नजरेत दिवस योग्य की अयोग्य ते सांगते. दुसरा आक्षेप खर्चाचा : मध्येच अलिबागला गेल्यास मुंबईतली खोली रिकामी राहते. हे खरे आहे. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतले तर वेगळ्या मुक्कामाचा प्रश्नच उरत नाही, सामानही जागेवर राहते. उलट शेवटच्या दिवशी पिशव्यांसकट बोट चढायची आणि रात्रीची गाडी गाठायची, यात वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर दुसरा मार्ग पेण-वडखळवरून शंभरेक किलोमीटर रस्त्याचा. त्या घाईत माणूस पाण्याशीही घाई करतो. दिवस मध्ये असेल तर हवा बिघडल्यावर बेत उद्यावर ढकलता येतो, आणि शहर कुठे पळून जात नाही.

पाण्याची वेळ जुळतच नसेल, तर किल्ल्याचा हट्ट सोडावा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचे शिल्पालय आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला ते किहीमही याच पट्ट्यात आहे. दुपार तिथे घालवून, पाणी ओसरल्यावर किहीमच्या वाळूत तासभर चालले तरी दिवस सार्थकी लागतो. पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. तेव्हा हा बेत आखूच नये. एरवी मात्र रजेचा अर्ज लिहिण्याआधी दिनदर्शिका उघडा, पंचमी-षष्ठी शोधा, आणि त्या तारखेभोवती मुंबईची सहल बसवा.