नाजिन आणि फातू

पांढरा गेंडा पांढरा नसतो. त्याचे कातडे राखी रंगाचेच असते. आफ्रिकेत त्याच्या दोन उपजाती आहेत, एक दक्षिणेकडील व दुसरी उत्तरेकडील. १९६० च्या सुमारास उत्तरेकडील गेंडे दोन हजारांहून अधिक होते. शिंगांच्या लोभाने माणसांनी त्यांचा असा संहार केला की, १९ मार्च २०१८ रोजी सुदान नावाचा अखेरचा नर वारला, तेव्हा मागे दोघीच उरल्या : त्याची मुलगी नाजिन व नात फातू.

या मायलेकींनी लहानपणी रान पाहिलेच नव्हते. आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका प्राणिसंग्रहालयात नाजिन १९८९ साली व फातू २००० साली जन्मली. रानात गेल्यावर तरी वंश वाढेल, या आशेने २००९ च्या डिसेंबरात त्यांना केनियातील ओल पेजेता येथे आणले गेले. परंतु पिलू काही झाले नाही. चाऱ्यापाण्याची उणीव नसताना असे का व्हावे?

रानातील मादी वयात आली की लवकरच गाभण राहते. सुमारे सोळा महिने ती पिलू पोटात वागविते, पुढे त्याला दूध पाजते. तेवढा काळ तिच्या शरीरातील ऋतुचक्र थांबलेले असते. बंदिवासात पुष्कळदा योग्य जोडीदार मिळत नाही. तरीही शरीर गर्भासाठी पुनःपुन्हा सिद्ध होत राहते; वर्षानुवर्षे हा व्यर्थ खटाटोप चालला की, गर्भाशयात गाठी वाढू लागतात. मादी तरुण असते, पण तिचे गर्भाशय अकाली वृद्ध होते. फातूचे गर्भाशय असेच बिघडलेले आढळले. नाजिनचे मागचे पाय दुबळे. गर्भाचा भार तिला पेलवणारा नव्हता.

तेव्हा शास्त्रज्ञांनी निराळा मार्ग धरला. २२ ऑगस्ट २०१९ रोजी दोघींना भूल देऊन त्यांची दहा बीजांडे काढण्यात आली. इटलीतील क्रेमोना येथे ती पोहोचली. गोठवून ठेवलेल्या नरबीजाशी त्यांचा संयोग घडविल्यावर दोन गर्भ तयार झाले. दोन्ही फातूच्या बीजांडांचे. वाढत्या वयामुळे नाजिनला २०२१ साली या कष्टांतून मोकळे करण्यात आले.

हे गर्भ वाढवायचे ते दक्षिणेकडील मादीच्या उदरात. प्रथम दक्षिणेकडीलच गर्भ घेऊन प्रयोग झाला आणि मादी खरोखरच गाभण राहिली. दुर्दैवाने जंतुसंसर्गाने ती दगावली. २०२४ च्या जानेवारीत ही वार्ता प्रसिद्ध झाली. तिच्या पोटातील नर गर्भ सत्तर दिवसांचा होता, लांबी अवघी ६.४ सेंटिमीटर, आणि त्याची वाढ अगदी निकोप होती.