वायरलेस सेट किती वॅटचा घ्यायचा?

पावसाळी बंदी चालू आहे, होड्या वर ओढल्यात, जाळ्यांची आणि इंजिनांची कामं निघालीत. त्यातच वायरलेसकडेही बघून घेऊया. किनाऱ्यावर सेट बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" आमच्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा.

आधी हैदराबादचं उदाहरण बघा. तिथे समुद्र नाही, पण आपल्या समुद्राची खबर तिथूनच येते! मासळी कुठे मिळेल, लाटा किती उठतील, हे सल्ले तिथल्या इन्कॉइस संस्थेतून निघतात. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून साधारण 10-12 किलोमीटरवर संपते, म्हणून 2019 मध्ये जेमिनी यंत्र आलं. संदेश सुमारे 36,000 किलोमीटर उंचावरच्या उपग्रहावरून बोटीवरच्या जेमिनीत येतो आणि तिथून ब्लूटूथने तांडेलाच्या मोबाइलवर. हा शेवटचा टप्पा चार हातांचा, त्याला वॅटचा काही हजारावा भाग पुरतो. ज्या टप्प्याला जेवढी गरज, तेवढीच ताकद. मात्र ती जेमिनी फक्त ऐकते. "पाणी शिरतंय, या" अशी हाक शेजारच्या बोटीला मारायची तर व्हीएचएफच लागतो.

बोटीवर बसवलेल्या व्हीएचएफला दोन पातळ्या असतात, 1 वॅट आणि 25 वॅट. हातातला सेट बहुतेक 5-6 वॅटचा. ताकद 25 पट केली म्हणून अंतर 25 पट होत नाही. मोकळ्यावरसुद्धा ते पाचपटच वाढतं, आणि त्याआधीच पृथ्वीची गोलाई आडवी येते. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला चाराने गुणा. साधारण तेवढे किलोमीटर त्या अँटेनाच्या वाट्याला येतात. दोन्ही बाजूंची बेरीज करायची. दोन्ही बोटींच्या अँटेना 4 मीटरवर असतील तर 8 अधिक 8, म्हणजे 16 किलोमीटर. दोन्ही 9 मीटरवर नेल्या तर 24. किनाऱ्यावरची अँटेना पाण्यापासून 64 मीटर उंच टेकडीवर लावली तर 4 मीटरवाल्या बोटीशी 40 किलोमीटर जमतात. वॅट तेच, फरक उंचीचा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. किनाऱ्यावर मोठ्या ताकदीचा सेट लावला की त्याची हाक खलाशाला लख्ख ऐकू येते, पण त्याच्या हातातल्या सेटचं उत्तर परत पोचत नाही. अडचणीच्या वेळी असला सेट काय कामाचा? म्हणून सगळ्यात कमजोर सेट धरून आखणी करायची. उंची, चांगली अँटेना आणि आखूड, जाड केबल यांचा फायदा बोलताना आणि ऐकताना दोन्हीकडे होतो. वॅटचा फायदा फक्त बोलणाऱ्याला. पैसे आधी तिकडे घाला. खाऱ्या हवेने गंजलेला कनेक्टर निम्मी ताकद खाऊ शकतो, तो याच दिवसांत बदलून टाका.

ज्यादा ताकदीचा त्रासही असतो. व्हीएचएफवर जोरदार आवाज दुबळ्याला दाबून टाकतो. बंदरात बर्फ आणि डिझेलच्या गप्पा 25 वॅटवर चालल्या तर त्याच चॅनलवरचा लांबचा माणूस ऐकूच येत नाही. बंदरात 1 वॅट, आणि गप्पा सोळा नंबरवर कधीच नाहीत. संकटात मात्र सोळावर सरळ 25. बॅटरीचंही बघा: 12 व्होल्टवर 25 वॅटने बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, इंजिन बंद पडलेल्या बोटीवर हे फार झालं.

सेट आणि परवान्याचं काम झालं की सगळ्यात बुटक्या अँटेनाची बोट बाहेर न्या. कामाच्या चॅनलवर दर पाच किलोमीटरला आधी 1 आणि मग 25 वॅटवर किनाऱ्याला हाक द्या. बोटीला काय ऐकू आलं यापेक्षा किनाऱ्याला काय ऐकू आलं ते वहीत लिहा, आणि जिथे 25 वरही उत्तर थांबलं ती जागा जीपीएसवर टिपून सगळ्या तांडेलांना कळवा.