गाडीच्या रंगाला पॉलिश: क्रम चुकला तर

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. पॉलिश करताना याच वरच्या थराचा अंश झिजवून ओरखडे कमी केले जातात. वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग मात्र वरून बसते. म्हणून काढण्याची सगळी कामे आधी आणि लावण्याची नंतर.

नाशिकच्या गाडीवरून काढण्यासारखे पुष्कळ असते: मुंबई-आग्रा महामार्गावर उडालेले डांबर, मळ्याच्या वाटेवरची काळी माती, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके. पहिली धुलाई सावलीत आणि बॉनेट थंड झाल्यावर करावी. आधी नुसत्या पाण्याने माती खाली पाडावी, मग शाम्पू, टपाकडून खाली. सोसायट्यांत पहाटे एकाच बादलीत फडके बुचकळून गाड्यांची रांग पुसली जाते. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे बहुतेक त्याच फडक्याचे असतात.

धुतलेल्या रंगावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटे फिरवली की खडबड जाणवते. डांबराला टार रिमूव्हर, लोखंडाच्या कणांना आयर्न रिमूव्हर (तो लागला की जांभळे ओघळ दिसतात) आणि उरलेल्याला भरपूर ओलाव्यावर क्ले बार. क्लेने रंगावर बारीक खुणा पडू शकतात, त्यामुळे तो पॉलिशनंतर वापरला तर केलेले काम वाया जाते. जमिनीवर पडलेला क्ले टाकूनच द्यावा. त्यात रुतलेला एक खडाही पुरतो.

पुढे काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर मास्किंग टेप लावावी. कोपऱ्यात एका हातभर जागेवर सौम्य पॉलिश करून पाहावे. तेवढ्याने भागत नसेल तरच कंपाउंड, आणि कंपाउंडनंतर बारीक पॉलिश. दाराच्या व बॉनेटच्या कडांवर थर पातळ असतो. तिथे मशीन रेंगाळले तर खालचा रंग उघडा पडतो आणि मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावे लागते. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत पॅडला रंग लागतो. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

सर्वाधिक वेळा वगळली जाते ती यानंतरची पायरी. पॉलिशमधले तेल ओरखड्यांत भरून राहते आणि गाडी दुकानातून आरशासारखी बाहेर पडते; काही धुलायांनंतर तेच जाळे उन्हात पुन्हा दिसते. शिवाय तेलकट पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही. पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मायक्रोफायबर ओले करून सगळी गाडी पुसावी आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात तपासावी. ओरखडा दिसला तर मशीन पुन्हा चालवावे. कोटिंगखाली तो बंदिस्त झाला की कोटिंग झिजवल्याशिवाय हात लावता येत नाही.

मग सीलंट किंवा सिरॅमिक. वॅक्स हवेच असेल तर ते सीलंटवर. वॅक्सवर लावलेले सीलंट रंगाला नव्हे, वॅक्सला चिकटते आणि त्याच्याबरोबरच निघून जाते. सिरॅमिक लहान लहान भागांत लावून वेळेत पुसावे, नाहीतर डाग कडक होतात. पहिले २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोटिंग करून घेणारे इथेच फसतात: ओल्या हळदीकुंकवाची बोटे आणि वाऱ्याने घासणारी झेंडूची माळ अजून पक्क्या न झालेल्या थरावर पडते. काम सणाच्या आठ-दहा दिवस आधी उरकावे, किंवा पूजेनंतर करावे.

अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या पत्र्याला यातले शेवटचे काम लगेच लागू नाही. गॅरेजमधल्या रंगातले द्रावक उडून जायला साधारण महिना-दोन महिने लागतात. तोवर तो भाग धुवावा, पण सील करू नये.