पाळीच्या गावातले भक्तीचे शब्द

माझे आईवडील अमरावतीकडून भिलाईला आले ते पोटासाठी. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी इथल्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन केले आणि पुढे सारे शहर तीन पाळ्यांवर जगू लागले. कुलदैवत मागे राहिले, इथली देवी अजून ओळखीची नव्हती. रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये वाढताना नेम, सेवा, प्रसाद हे शब्द पोथीपेक्षा शेजारपाजाऱ्यांकडूनच जास्त कळले. त्यातले काही इथे मांडते.

१. नेमाला मुहूर्ताची अट घालू नये. भट्टी रात्रंदिवस पेटलेली. नाइट शिफ्ट करून सकाळी सहाला सुटणाऱ्याने काकडआरती कधी करायची? वडील दासगणूंचा ‘गजानन विजय’ रोज एक अध्याय वाचत. एकवीस अध्याय संपले की पुन्हा पहिला. पाळी बदलली की वाचनाची वेळ बदले. कधी पहाटे, तर कधी दुपारी दोनला सुटून आल्यावर, बूट काढून, हातपाय धुऊन. लायनीतल्या एका काकांना हे खपत नसे, त्यांना ब्राह्ममुहूर्तच हवा. त्यांचे पारायण मात्र कधी तडीस गेल्याचे आठवत नाही.

२. सेवा गाऊनही होते. देवीपुढे जसगीत गाण्यालाच छत्तीसगढीत ‘सेवा’ म्हणतात आणि गाणारे ते ‘सेउक’. नवरात्रात मांदर आणि झांज सुरू झाली की आमच्याकडच्या आरतीचा आवाज त्यात बुडून जाई. आमच्या घरी घट, वस्तीत जंवारा. दोन्हीकडे मातीत धान्यच पेरलेले. पण आमचा घट देवघरातून हलायचा नाही. त्यांचा जंवारा बायकांच्या डोक्यावरून तळ्याकडे निघे आणि सारा रस्ता त्यामागे चालू लागे. शिवाय चैत्रातही तोच थाट. सेवेला एवढी माणसे लागतात, हे मला तिथे समजले.

३. भक्तीचा शब्द नात्याला देता येतो. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला हे बहुधा नवे असेल.

श्रावणात इथल्या मुलीबाळी टोपलीत गहू पेरतात. टोपली अंधारात ठेवतात, हळदीचे पाणी शिंपतात, त्यामुळे अंकुर पिवळेधमक होतात. ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन. (आपल्या पंचांगात तो श्रावणच असतो, इथे भादो लागलेला असतो, त्यामुळे सणांच्या तारखांवरून आमच्या घरी दरवर्षी गोंधळ.) विसर्जनानंतर थोडे अंकुर एकमेकींच्या कानावर खोवले की त्या दोघी जन्मभराच्या ‘भोजली’. त्यानंतर एकमेकींचे नाव घ्यायचे नाही. भेटल्यावर “सीताराम भोजली!” एवढेच. जगन्नाथाचा प्रसाद देऊन मैत्री जोडली तर दोघे ‘महापरसाद’, गंगेच्या पाण्यावर जोडली तर ‘गंगाजल’. जात आड येत नाही, उलट जातीबाहेरच ही मैत्री पुष्कळदा जोडतात.

आईची एक भोजली होती, आमच्या मागच्या वस्तीतली. आम्ही मुले तिला फूलदाई म्हणत असू, तिच्या नवऱ्याला फूलददा. आईच्या आजारपणात आमचा स्वयंपाक फूलदाईच करी. सोवळ्याचा विषय आजीने एकदाच काढला. आई म्हणाली, “ती भोजली आहे.” आजीचा आवाज त्यावर पुन्हा आला नाही.

४. सत्य पाळायचे तर बैलापर्यंत पोचावे लागते. १८ डिसेंबर ही सतनाम पंथाच्या गुरू घासीदासांची जयंती. १७५६ मध्ये गिरौदपुरीत त्यांचा जन्म. त्या दिवशी जैतखाम या पंथाच्या स्तंभावर पांढरा झेंडा चढतो, पंथी नाच रंगतो. मूर्तिपूजा आणि जातिभेद त्यांनी नाकारले, हे पुष्कळांना ठाऊक असते. गाय नांगराला जुंपू नये आणि भर दुपारी नांगर धरू नये, हीही त्यांची शिकवण. सतनामची व्याख्या सांगणारे बरेच भेटले, पण मला ती कळली या दुपारच्या नियमातून. दया, क्षमा, शांती हे शब्द आपण भिंतीवरच्या पाट्यांवर रंगवतो. इथे दयेची वेळ ठरवून दिलेली आहे.

५. वैराग्याबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही. पतपेढीचे हप्ते फेडणाऱ्या आमच्या लायनीत तो शब्द कोणी वापरत नसे.

६. रुआबांधा, रिसाली, मरोदा या बाजूला नव्याने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. गणपतीसाठी आपले मंडळ शोधाल, ते शोधाच. पण त्याआधी श्रावणात राखीच्या दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन तळ्यावर जा. कोणी कानावर भोजली खोवायला पुढे आले, तर मान वाकवा आणि घरी आल्यावर मुलींना सांगा, आता त्या मैत्रिणीला नावाने हाक मारायची नाही.