लोहचुंबक आणि आपले मनगटी घड्याळ

धान्याच्या व्यापाऱ्यास लोहचुंबकाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. खळ्यावरून आलेल्या भातात खिळे आणि तारांचे तुकडे निघतात. ते यंत्रात जाऊ नयेत म्हणून गिरणीत धान्य पडते त्या तोंडाशी चुंबक बसवितात, आणि त्यावर साठलेले लोखंड वेळोवेळी हाताने पुसून काढावे लागते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गिरणीत जुन्याच्या जागी नवा, फार जोरकस चुंबक आला. तेव्हापासून माझे चावीचे घड्याळ दिवसाला दहा-बारा मिनिटे पुढे जाऊ लागले. कारागिराकडून दोनदा साफ करून आणले. चार दिवस नीट चाले, पुन्हा तेच. मी त्या भल्या माणसास नको ते बोललो. तिसऱ्या खेपेस त्याने घड्याळाशेजारी एक लहान होकायंत्र ठेवले. सुई थरथरत फिरली. "शेठजी, आपण रोज कशाला हात लावता?" एवढेच त्याने विचारले.

घड्याळ पुढे जाण्याचे कारण समजण्यास त्याचे पोट थोडे जाणले पाहिजे. आत एक तोलचक्र असते. ते केसासारख्या बारीक, गुंडाळलेल्या कमानीच्या जोरावर मागे-पुढे झुलते. तिलाच कारागीर हेअरस्प्रिंग म्हणतात. आपल्याकडील अनेक जुन्या घड्याळांत हे चक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे अहोरात्रात ४,३२,०००. त्यात हजारी एकाचा फरक पडला तरी दिवसाला ८६ सेकंदांची चूक होते. चुंबकत्व शिरले की या कमानीचे वेढे एकमेकांस चिकटतात. चिकटलेला भाग निकामी झाल्याने कमान जणू आखूड होते, आणि आखूड कमान ताठ असते. दोरी आखूड केलेला पाळणा जसा लवकर लवकर झोके घेतो, तसे चक्र घाईने झुलू लागते. क्वचित घड्याळ मागेही पडते किंवा बंदच होते. परंतु काल बरोबर असलेले घड्याळ आज एकाएकी पुढे धावू लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा.

दहा मिनिटांनी असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एका सामायिकाच्या ४८ मिनिटांत त्याने अवघा २० सेकंदांचा फरक पडतो, हे खरे. पण चूक साठत जाते. गुंदसारख्या रानातल्या गावी पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही; पंचांगातील सूर्योदय आणि मनगटावरचे घड्याळ यांवरच भिस्त. पुढे गेलेले घड्याळ सायंकाळी चौविहारास बाधत नाही, उलट आपण लवकरच उठतो. सकाळी मात्र नवकारशीचे पच्चक्खाण वेळेपूर्वीच पारले जाते, आणि पाळणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. माझ्याकडून असे किती वेळा घडले असेल, हे सांगता येत नाही.

चुंबकत्वाच्या धास्तीने एक सबंध कार्यालय हलविल्याचे उदाहरण जुन्या मुंबई इलाख्यात आहे. आपला कारवार जिल्हाही तेव्हा त्याच इलाख्यात होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत. मुंबईत विजेची ट्राम येणार असे दिसताच, तिच्या प्रवाहाने सुया बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागेस नेले. तेथील इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन मेळ घातला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. नवा काटा वापरण्यापूर्वी जुन्याशी ताडून पाहण्याची ही रीत आपल्या धंद्यातील माणसास विशेष आवडेल.

अर्थात आपले घड्याळ त्या सुयांइतके नाजूक नाही. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकत्व सुमारे ०.४ गाउस; त्याने घड्याळास काही होत नाही. चुंबकविरोधी म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळाने आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुमारे ६० गाउसचा प्रभाव सोसून दिवसाला ३० सेकंदांहून अधिक चुकू नये, अशी अट आहे. जुन्या घड्याळांस ही हमी नाही. आणि घरात चुंबक आता कोठे नाहीत? रेडिओचा व मोबाइलचा स्पीकर, मोबाइलच्या पाकिटाचे झाकण, बायकांच्या पर्सचे बटण, फ्रिजच्या दाराची पट्टी! समाधान एवढेच की लहान चुंबकापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याचा जोर सुमारे अष्टमांश उरतो. घरच्या वस्तूंपासून घड्याळ वीतभर दूर ठेवले तरी पुष्कळ. गिरणीच्या चुंबकाजवळ मात्र ते नेऊच नये.

चुंबकत्व काढण्याचा उपाय सोपा आहे. कारागिराकडे विजेचे वेटोळे असते. त्यातील प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. घड्याळ त्यात धरून सावकाश दूर नेले की चुंबकत्व विरून जाते. काम मिनिटभराचे, घड्याळ उघडावे लागत नाही. घरी तारा गुंडाळून हा प्रयोग कोणी करू नये.

सेलच्या काटेवाल्या घड्याळाचे वेगळे असते. जवळ चुंबक आला की त्याची मोटर अडते व घड्याळ मागे पडते. चुंबक दूर होताच बहुधा पुन्हा चालू लागते. ते फक्त मिळवून घ्यावे.

कारागिराची मी क्षमा मागितली. चुंबक पुसताना घड्याळ आता गल्ल्याच्या खणात असते. गेल्या पर्युषणात ते आठवडाभर आकाशवाणीच्या वेळेशी ताडून पाहिले, तेव्हा रोज अर्ध्या मिनिटाच्या आतच पुढे होते.