बिनतारी माउस बंद पडल्यास

शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील संगणकाचा सेलवर चालणारा बिनतारी माउस बंद पडला की दाखल्यांचे काम खोळंबते आणि पुष्कळदा सुस्थितीतील माउस भंगारात जातो. वास्तविक दोष बहुधा किरकोळ असतो. तपासणी मात्र क्रमाने व्हावी.

प्रथम तळाचे बटण चालू असल्याची खात्री करावी. नंतर १.५ व्होल्टचा नवा सेल धन व ऋण टोके पाहून बसवावा. जुना सेल पाझरून पत्र्यांवर पांढरा थर साचला असल्यास त्यास हात लावू नये. तो दाहक असतो. व्हिनेगरने किंचित ओलावलेल्या कापसाने तो पुसून जागा पूर्ण कोरडी करावी.

तरीही पडद्यावरील बाण न हलल्यास संगणकात खोचलेला रिसीव्हर काढून दुसऱ्या खाचेत बसवावा. माउस व रिसीव्हर यांचे संदेशवहन सामान्यतः २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींद्वारे चालते. शेजारच्या यूएसबी ३.० उपकरणामुळे त्यात व्यत्यय येऊ शकतो. बाण अडखळत असल्यास तळाचे भिंग स्वच्छ करावे; टेबल काचेचे असल्यास माउसखाली कागद ठेवावा.

बटण एकदा दाबता दोनदा दाबल्याचा परिणाम होत असेल, तर आतील स्विच झिजलेला असण्याचा संभव असतो. तो जाणकार कारागिराकडून बदलून घ्यावा. दीर्घ सुटीपूर्वी सेल काढून ठेवल्यास माउस पुष्कळ टिकतो.